ब्राउझर पॅचिंगचं काम गळ्यात पडलंय? आधी रीलाँच बघा

एंडपॉइंट टीममध्ये, म्हणजे लोकांचे लॅपटॉप-पीसी सांभाळणाऱ्या टीममध्ये, नवीन लागलात की पहिलं काम हमखास ब्राउझर पॅचिंगचं, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या लावण्याचं, मिळतं. "क्रोम काय, आपोआप अपडेट होतो" असं म्हणून सीनियर मोकळे होतात. होतो खरा आपोआप, पण अर्धाच. बाकीचा अर्धा रीलाँचवर, म्हणजे क्रोम बंद करून पुन्हा सुरू करण्यावर, अडतो. सीव्हीई (सुरक्षेतल्या भोकाचा जाहीर क्रमांक), झीरो-डे (दुरुस्तीआधीच गैरवापर सुरू झालेलं भोक), पॉलिसी (सगळ्या मशीनवर एकदम लावायच्या सेटिंग) कशा ढकलायच्या हे तुम्हाला येतं असं धरून चालते, आणि मी ज्यात अडकले तेवढंच नीट सांगते.

सप्टेंबर २०२३ मधलं वेबपी (चित्रांचा एक फॉरमॅट) प्रकरण आठवत असेल. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी कळवलेलं भोक, सीव्हीई-२०२३-४८६३. त्याचा गैरवापर आधीच सुरू होता. ११ सप्टेंबरला गूगलने विंडोजसाठी क्रोम ११६.०.५८४५.१८७ सोडलं. आमच्या डॅशबोर्डवर बघता बघता सगळं हिरवं झालं आणि रिपोर्ट वर गेला. मग सिक्युरिटीवाल्या एकाने अकाउंट्समधल्या एका मशीनवर सहज क्रोमचं व्हर्जन पान उघडलं. आकडा जुनाच.

का, ते समजून घ्या, कारण हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. क्रोम चालू असताना विंडोज त्याची फाइल बदलू देत नाही. म्हणून अपडेटर नवीन फाइल 'न्यू_क्रोम' नावाने शेजारी आणून ठेवतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'पीव्ही'मध्ये नवीन आकडा लिहितो, जुना 'ओपीव्ही'मध्ये सरकवतो. फाइलचं नाव बदलणं मात्र क्रोम पुन्हा सुरू होईल तेव्हा. तोपर्यंत मेमरीत चालतंय ते जुनंच, भोकासकट. आणि कुठल्या मशीनवर काय आहे ते टिपणारं तुमचं इन्व्हेंटरी टूल बहुतेक वेळा रजिस्ट्रीच वाचत असतं! म्हणजे टूल खोटं बोलत नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं: काय इन्स्टॉल झालंय, याचं. आपल्याला हवं असतं काय चालू आहे, त्याचं. लोक लॅपटॉप बंद करत नाहीत, नुसतं झाकण मिटतात. काहींच्या मशीनवर खिडकी बंद केली तरी क्रोम बॅकग्राउंडला चालूच राहतो. म्हणून रिपोर्टमध्ये चालू प्रोसेसचं व्हर्जन हा वेगळा कॉलम मागा. नाही मिळाला तर भांडा.

रीलाँचआधीचे हे दिवस वाया का घालवायचे नाहीत? क्रोम ज्यावर बांधलाय त्या क्रोमियमचा कोड उघडा आहे. गूगल बगची माहिती बहुतेकांचं अपडेट होईपर्यंत झाकून ठेवतं, पण दुरुस्तीचा कोड तर दिसतो. तो वाचून उलट दिशेने भोक शोधणारे बसलेलेच असतात. ही फट कमी व्हावी म्हणूनच क्रोम ११६ पासून सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येऊ लागले. तिकडे ते आठवड्यावर आले आणि इकडे आपला वापरकर्ता पंधरा दिवस रीलाँच करत नाही.

उपाय पॉलिसीतच आहे. 'रीलाँच नोटिफिकेशन'ची व्हॅल्यू २ ठेवा, म्हणजे मुदत संपली की क्रोम स्वतःच पुन्हा सुरू होतो. मुदत ठरवणारी पॉलिसी वेगळी आहे, तिची डीफॉल्ट सात दिवस. ती मिलिसेकंदांत लिहायची असते: ४८ तासांसाठी १७,२८,००,०००. नुसते ४८ टाकून चहाला जाऊ नका.

कोणीतरी ज्ञानी माणूस तुम्हाला सांगेलच, "टास्ककिलची स्क्रिप्ट लाव दुपारी, विषय संपला." टास्ककिल म्हणजे चालू प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणारी कमांड. असल्या गुरूंपासून लांब राहा. वीस तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचा रिटर्न, भरत बसलेल्या माणसाचा क्रोम एकदा मारून बघा, पुढचे सहा महिने तो तुमचा एकही पॅच सुखाने लागू देणार नाही. रीलाँचनंतर साधे टॅब परत येतात. इन्कॉग्निटोमधले येत नाहीत, आणि अर्धवट भरलेल्या फॉर्मची खात्री नाही. हे लोकांना आधी मेलने कळवा, तेही मराठीत कळवलंत तर जास्त वाचलं जातं.

घाबरू मात्र नका. शंभर टक्के कधीच होत नाही, कोणी ना कोणी रजेवर असतो आणि लॅपटॉप कपाटात. जे चालू आहेत ते दोन दिवसांत नवीन आकड्यावर आले तर काम चोख झालं. आणि क्रोम झालं म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एज झाला असं नाही, त्याचा अपडेट वेगळा येतो. वेबपीच्या वेळी फायरफॉक्सलाही ११७.०.१ काढावं लागलं, आणि इलेक्ट्रॉनवर (क्रोमियम आत घेऊन ॲप बनवायचा सांगाडा) बांधलेली चॅट ॲप्स क्रोमियमची आपापली प्रत घेऊन बसलेली होती. त्यांची यादी आजच करून ठेवा.

राहिली विंडोज ७ ची मशीन, प्लांटमध्ये वजनकाट्याला जोडलेलं एखादं तरी सापडतंच. तिथे क्रोम १०९ वर थांबलाय, कितीही रीलाँच केलं तरी पुढे जाणार नाही. पॅच शोधत बसू नका. त्याचं इंटरनेट काढा, आणि काढलंय हे मॅनेजरकडून लेखी घ्या.