‘अजून वय नाही’ म्हणण्याआधी: वर्गात बालविकास वापरताना या चुका टाळा

डी.एड.ला मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेल्या, मुलाच्या विचार करण्याच्या चार अवस्था पाठ होतात; त्या बदलण्याची वयं: दोन, सात, अकरा. पुढं वर्गात त्या हजेरीपटावरच्या जन्मतारखेसारख्या वापरल्या जातात. लेकरू हातच्याची वजाबाकी चुकलं, की ‘मूर्त क्रियात्मक अवस्था (समोरच्या वस्तूंवरून तर्क करण्याची, सात ते अकराची) आली नाही’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ती वयं ढोबळ आहेत. आठवडी बाजारात सुटे पैसे बिनचूक मोजणारं लेकरूच वहीत ४३ − १७ = ३४ लिहितं.

हे ३४ आलं कुठून ते बघा. त्यानं सातातून तीन वजा केले. वजाबाकी येते, दशक सुटा करणं येत नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्या आणि एक गठ्ठा त्याच्याच हातानं सोडू द्या. मग वहीत गठ्ठ्यांचं चित्र, मग अंक. मानसशास्त्रज्ञ ब्रूनरनं सांगितलेला कृती, चित्र, चिन्ह हा क्रम तो हाच. घाईत गळतं ते मधलं चित्र. (गठ्ठे कपाटात ठेवून फक्त तपासणीच्या दिवशी काढायचे असतील, तर कशाला बांधायचे?) आणि चित्रावरून जमायला लागलं, की काड्या काढून घ्या, चौथीपर्यंत कवटाळू नका.

दुसरी चूक प्रश्नातच असते. पियाजेची चाचणी घेताना सारखं पाणी असलेल्या सारख्या दोन ग्लासांपैकी एकातलं पाणी उंच भांड्यात ओततो. आधी विचारतो, ‘सारखं आहे का?’ ओतल्यावर पुन्हा तेच. गुरुजींनी परत विचारलं म्हणजे आधीचं चुकलं, हे आपल्या पोरांना पक्कं माहीत असतं. १९७० च्या दशकात वस्तूंच्या रांगांवर झालेल्या अशाच प्रयोगात रांग बदलल्यानंतर एकदाच विचारलं, तेव्हा जास्त मुलांनी ‘सारखंच’ असं बरोबर सांगितलं. एकदाच विचारा, मग ‘कशावरून?’

द्विशिक्षकी शाळेत चौथीचं पोरगं दुसरीच्या पोराजवळ बसवलं की वायगॉट्स्की (जाणत्याच्या मदतीनं मूल पुढचं शिकतं, असं सांगणारा मानसशास्त्रज्ञ) झाला, असंही नाही. मोठा उत्तर सांगून मोकळा होतो. त्याला बजावा: सांगायचं नाही, फक्त विचारायचं.

ऊसतोडीला दिवाळीनंतर गेलेलं लेकरू गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतं. त्याच्यापुढं चालू पान टाकू नका, पहिलीतही बसवू नका. आधी तोंडी हिशेब विचारा. बंजारा तांड्यावरचं असेल तर त्याच्या गोरमाटी बोलीत मोजू द्या. तोंडी जमलं तर अडचण लिहिण्यात आहे. तोंडीही अडलं, तर गठ्ठ्यांपासून सुरू करा.