तानपुरा सुरात लावताना

आधी गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या सुरावर आहे, ते ठरवा: काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. मग मधल्या जोडीच्या दोन तारा षड्जात (सा) लावा. त्यानंतर चौथी, पितळेची जाड तार खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'सा'त, आणि पहिली तार शेवटी. ती बहुतेक रागांत पंचमात (प) लागते; मालकंसात पंचम वर्ज्य म्हणून मध्यमात (म), मारवा-पूरियात निषादात (नी).

खुंटीने सूर जवळ आणायचा, उरलेली कसर तारेत ओवलेल्या मण्याने भरून काढायची. मणी घोडीपासून (भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात तिच्यापासून) दूर, खालच्या टोकाकडे सरकवला की सूर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो. मणी मधोमध ठेवूनच खुंटी फिरवा, नाहीतर ऐनवेळी त्याला सरकायला जागाच उरत नाही. खुंटी घसरत असेल तर ती काढून थोडा खडू घासा आणि बसवताना आत दाबत फिरवा.

खरी गोडी जवारीत, म्हणजे घोडीवर टेकलेल्या तारेच्या झंकारात आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घाला, तार छेडत राहा आणि दोरा केसभर केसभर सरकवा. आवाज आधी बोदा असतो, मग एका जागी एकदम खुलतो, झंकार लांबतो, तिथेच थांबा. पुढे गेलात की तो चिरका होतो. दोरा हलला की सूरही किंचित हलतो, म्हणून मण्याने पुन्हा जुळवून घ्या. कितीही सरकवून जवारी उघडत नसेल, तर घोडीवर तारेने चर पाडलेली असते. तिथे घरी कानस लावू नका, मिरजेच्या कारागिरांसारख्या जाणत्या हातांकडेच द्या.

छेडताना नख नको, बोटाचा मांसल भाग हवा.