छोट्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करताना या चुका टाळा

टाइल्स बसल्या, सांध्यांत ग्राऊट भरलं, म्हणजे पाणी अडलं, हा समज सगळ्यात महागात पडतो. सिमेंटचं ग्राऊट पाणी शोषतं. थोडं पाणी टाइलखाली जाणारच. ते तिथून ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाकडे, वळावं म्हणून उतार खालच्या कोब्यालाच (टाइलखालच्या सिमेंटच्या थरालाच) हवा, दर मीटरला 15 ते 20 मिलिमीटर, आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्या उतारावर. अनेकदा कोबा सपाट ठेवून उतार फक्त टाइल लावताना काढला जातो. वरून पाणी छान वाहून जातं, खाली मात्र साचतं. सांधे काळे पडतात, कुबट वास येतो आणि कितीही घासलं तरी जात नाही.

जागा लहान असली की कोरडा कोपरा उरतच नाही. त्यामुळे फक्त शॉवरखाली कोट मारून भागत नाही. पूर्ण जमीन, सगळ्या भिंती निदान 300 मिलिमीटरपर्यंत आणि शॉवरच्या भिंती 1800 मिलिमीटरपर्यंत घ्या. उंबरठ्यावरही थर चढवा. तो राहिला की बाहेरची फरशी ओलावते.

गळती बहुतेक वेळा सपाट जागेत नसतेच. ती असते भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात, पाइपभोवती आणि नहाणी ट्रॅपच्या कडेला. कोपऱ्यात वाटा मारून घ्या, म्हणजे सिमेंटने कोपरा गोलसर करा, दोन कोटांमध्ये फॅब्रिक टेप दाबा. पहिला कोट वाळल्यावरच दुसरा आडवा मारा. वरच्या टाइल्सच्या कोपऱ्यात ग्राऊटऐवजी सिलिकॉन भरा. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, ग्राऊटला तडा जातो.

टाइल्स लावण्याआधी ट्रॅप बंद करून पाणी भरा, पातळीची खूण करा आणि निदान 24 तास थांबा. मिस्त्री घाई करतील, तरी या एका गोष्टीवर अडून बसा. नंतर चूक सापडली तर सगळं फोडावं लागतं.

गळती आधीच सुरू असेल तर लगेच फरशी उखडू नका. बाथरूम दोन-तीन दिवस कोरडं ठेवा. तरीही ओल वाढत राहिली तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या पाइपवर. ओल ओसरली तर ट्रॅप बंद करून जमिनीवर पाणी साठवून पाहा. ओल आली, तर जमिनीचा थर किंवा कोपरे गेले आहेत. साठवताना काही झालं नाही, पण पाणी सोडल्यावर ओल दिसली, तर आधी ट्रॅप आणि त्याच्या पाइपचा सांधा तपासा.