बॅलन्स ट्रान्सफर नाकारले गेल्यावर ओव्हरड्राफ्ट आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी कशी आवरावी

एका कार्डावरची थकबाकी कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर वळवण्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला, की पुष्कळ जण त्याच आठवड्यात आणखी दोन-तीन बँकांकडे तोच अर्ज करतात. हे टाळावे. औपचारिक अर्ज आला की बँक अर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्याच्या कर्जांचा आणि परतफेडीचा लेखाजोखा, मागवते, त्या चौकशीची नोंद रिपोर्टमध्ये राहते, आणि थोड्या अवधीत अशा चार-पाच नोंदी दिसल्या तर ही व्यक्ती पैशासाठी अडलेली आहे असा अर्थ पुढची बँक काढते. शिवाय बॅलन्स ट्रान्सफरने कर्ज फिटत नाही, त्यावरच्या व्याजाचा दर तेवढा काही महिन्यांपुरता उतरतो. आणि साध्या बॅलन्स ट्रान्सफरमध्ये ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत काढू दिलेली, रक्कम सहसा धरलीही जात नाही. अर्ज मंजूर झाला असता तरी निम्मे काम बाकीच राहिले असते.

नकाराचे कारण मात्र जरूर विचारावे. बँक सविस्तर उत्तर देईलच असे नाही, पण कारणे बहुधा ठरावीक असतात: असलेल्या क्रेडिट लिमिटचा फार मोठा भाग वापरलेला असणे, एखादा हप्ता चुकलेला असणे, उत्पन्नाच्या मानाने कर्ज जास्त असणे, किंवा रिपोर्टमधला पत्ता आणि अर्जातला पत्ता न जुळणे. कधी कधी कारण याहून साधे असते, कारण ज्या बँकेचे किंवा तिच्या समूहातल्या कंपनीचे कार्ड आधीच हातात आहे, तिच्याचकडे ट्रान्सफर मागितलेले असते आणि तसे ते बहुतेक ठिकाणी दिले जात नाही. आपला क्रेडिट रिपोर्ट मागवून ओळीओळीने वाचावा; फेडलेले कर्ज चालू दाखवले असेल किंवा अनोळखी खाते दिसत असेल, तर लेखी तक्रार करून ते दुरुस्त करून घ्यावे.

दोन्ही कर्जांची एकच बेरीज

ओव्हरड्राफ्ट आणि कार्ड एकत्र असले, की ती दोन कर्जे एकमेकांना झाकतात. पगार जमा होतो तेव्हा ओव्हरड्राफ्ट भरून निघतो आणि खाते सुस्थितीत असल्यासारखे वाटते. मग कार्डाचे बिल त्याच खात्यातून जाते, खाते पुन्हा उणे होते, आणि महिनाअखेरीला हात आखडला की किराणा कार्डावर घेतला जातो. बिल वेळेवर भरले जात आहे, दंड लागत नाही, तरी कर्ज जिथल्या तिथे राहते, किंबहुना व्याजाएवढे वाढत जाते.

हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. दर महिन्याला पगाराच्या आदल्या दिवशी ओव्हरड्राफ्टची उणे रक्कम आणि सर्व कार्डांवरची पूर्ण बाकी यांची बेरीज करून एका वहीत लिहावी. पूर्ण बाकी म्हणजे स्टेटमेंटवरचा आकडा नव्हे, तर त्यानंतर केलेले खर्च धरून त्या दिवशी असलेली बाकी. ही बेरीज मागच्या महिन्यापेक्षा कमी झाली तरच कर्ज फिटते आहे असे समजावे. कार्डावर ५,००० भरले आणि ओव्हरड्राफ्ट ५,००० ने वाढला, तर काहीच भरलेले नाही.

बेरीज वाढत असेल तर पहिला उपाय कार्ड वापरणे थांबवण्याचा आहे, आणि त्यामागे संयमाखेरीज हिशेबाचेही कारण आहे. कार्डाचे पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्याला खरेदीवर व्याजमुक्त दिवस मिळतात. बाकी पुढे ओढली, की बहुतेक कार्डांवर ही सवलत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. एटीएममधून कार्डावर उचललेल्या रोख रकमेवर तर व्याज सहसा उचलल्या दिवसापासूनच लागते आणि वर शुल्कही पडते. कार्डाला जोडलेली मासिक वर्गणी, विमा, मोबाइलचे बिल ही ऑटो डेबिटची यादीही याच वेळी तपासावी, कारण कार्ड कपाटात ठेवले तरी ही देणी चालूच राहतात.

हप्ता किमान नव्हे, कायम

किमान देय रक्कम, म्हणजे दंड टाळण्यासाठी त्या महिन्यात निदान भरावीच लागणारी रक्कम, हा या व्यवहारातला सर्वांत फसवा आकडा आहे, कारण बाकी उतरते तशी तीही उतरते. समजा, कार्डावर १,००,००० बाकी आहे, व्याज महिना ३ टक्के आहे आणि किमान रक्कम एकूण बाकीच्या ५ टक्के आहे. पहिल्या महिन्यात ३,००० व्याज चढते, ५,१५० भरले जातात आणि कर्ज अवघे २,१५० ने कमी होते. नवी खरेदी अजिबात न करता दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिले, तर बत्तीस महिन्यांनंतरही जवळजवळ ५०,००० बाकी उरते. याउलट पहिल्या महिन्यात भरलेले ५,१५० हीच रक्कम दर महिन्याला कायम ठेवली, तर तिसाव्या हप्त्याला सगळे कर्ज संपते, आणि तो शेवटचा हप्ताही अर्ध्याच्या आसपास असतो. पहिल्या महिन्यात दोन्ही मार्गांत एका पैचाही फरक नाही. म्हणून आजच्या किमान रकमेएवढा कायम हप्ता बँकेत लावून टाकावा आणि जमेल तसा तो वाढवावा, कमी मात्र करू नये.

व्याज रोजच्या बाकीवर मोजले जात असेल, तर भरण्याची तारीखही महत्त्वाची ठरते. वर्षाला ३६ टक्के दराने १०,००० वीस दिवस आधी भरले तर सुमारे १९७ वाचतात, तेव्हा देय तारखेची वाट पाहत पैसे खात्यात पडू देण्यात अर्थ नाही.

एकाहून अधिक कर्जे असतील तर सगळीकडे किमान रक्कम भरून उरलेले पैसे सर्वांत महाग कर्जाकडे वळवावेत. महाग कोणते हे ठरवताना दर एकाच मापाने मोजावेत. महिना ३ टक्के हा दर चक्रवाढ धरली की वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातो, आणि ओव्हरड्राफ्टचा दर बहुधा वार्षिक सांगितलेला असतो. लहान कर्ज आधी फेडून हुरूप मिळवावा असेही सांगितले जाते. दरांत फारसा फरक नसेल तर त्याला माझी हरकत नाही. घरभाडे, घराच्या कर्जाचा हप्ता, वीज आणि कर यांचा क्रम मात्र कार्डाच्या आधी लागतो, त्यांवर व्याज कमी असले तरीही, कारण ते चुकल्यास घर किंवा वीजच जाते.

पगार कोणत्या खात्यात यावा

ओव्हरड्राफ्टवर व्याज रोजच्या उणे रकमेवर लागते, त्यामुळे पगार त्याच खात्यात येऊन काही दिवस राहिला तर तेवढे व्याज वाचते. पण ओव्हरड्राफ्ट हे बहुधा मागताक्षणी परत करण्याच्या अटीवर दिलेले कर्ज असते आणि बँक त्याची मर्यादा घटवू किंवा काढून घेऊ शकते. शिवाय कार्ड आणि खाते एकाच बँकेचे असेल तर कार्डाची थकलेली रक्कम खात्यातून वळती करून घेण्याचा अधिकार अनेक करारांत बँकेने राखलेला असतो. माझ्या मते, सर्व देणी वेळेवर जात आहेत तोवर पगार तिथेच येऊ द्यावा. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसू लागली, तर दुसऱ्या बँकेत साधे खाते उघडून पगार तिकडे वळवावा आणि भाडे-किराण्याचे पैसे बाजूला ठेवून ठरलेला हप्ता जुन्या खात्यात पाठवावा.

ओव्हरड्राफ्टची मर्यादा दर दोन-तीन महिन्यांनी, जेवढे फेडले तेवढी, लेखी अर्ज करून उतरवून घ्यावी. तसे न केल्यास मोकळी झालेली जागा अडचणीच्या पहिल्याच महिन्यात पुन्हा भरते. तरीही एखादी दुरुस्ती किंवा आजारपण निघाले तर कार्डाकडे वळावे लागू नये एवढी छोटी शिल्लक वेगळी ठेवावी.

बँकेशी हप्ता चुकण्याआधीच बोलावे. मागण्या नेमक्या असाव्यात: ओव्हरड्राफ्टचे ठरावीक हप्त्यांच्या मुदत कर्जात रूपांतर, कार्डाच्या बाकीचे हप्ते, किंवा काही काळ कमी व्याज आणि विलंब शुल्कातून सूट. उत्पन्न, आवश्यक खर्च आणि भरता येईल तो हप्ता यांचा एक पानी तक्ता सोबत द्यावा आणि जे ठरेल ते लेखी घ्यावे. हप्ता लहान दिसला म्हणून मुदत लांबवू नये. एकूण किती रक्कम परत करावी लागणार हे विचारावे. काही भाग माफ करून खाते मिटवण्याचा प्रस्ताव आला, तर रिपोर्टमध्ये ते पूर्ण फेडलेले न दिसता तडजोडीने मिटवलेले दिसू शकते हे ध्यानात ठेवावे. आगाऊ फी घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. कार्डाचे कर्ज फेडण्यासाठी घर गहाण ठेवणे हा तर शेवटचाही पर्याय मानू नये, कारण काहीही गहाण नसलेले विनातारण कर्ज तिथे घराच्या तारणावरचे, म्हणजे सतारण होते.

पुन्हा अर्ज करायचा असेल तर सहा महिने नियमित भरणा होऊन लिमिटचा वापर उतरलेला असावा, आणि आधी फक्त पात्रता तपासून पाहावी, कारण अशा प्राथमिक तपासणीची नोंद सहसा इतर बँकांना दिसत नाही. वरच्या १,००,००० च्या उदाहरणात ५,१५० चा कायम हप्ता भरला, तर पंधरा हप्त्यांनंतर बाकी सुमारे ६०,००० वर येते. ती बारा महिने बिनव्याजी आणि ३ टक्के शुल्काने वळवता आली, तर शुल्क १,८०० होते, म्हणजे जुन्या कार्डाचे एका महिन्याचे व्याज. आणि ६१,८०० ला बारांनी भागले की तोच ५,१५० चा हप्ता येतो, पण जुन्या कार्डाच्या तुलनेत सुमारे १३,००० कमी भरावे लागतात. मागितल्यापेक्षा कमी लिमिट मंजूर झाले तरी तेवढा भाग वळवण्यात फायदाच असतो. नव्या कार्डावर खरेदी करू नये, कारण सवलतीचा दर बहुधा वळवलेल्या रकमेपुरताच असतो. आणि हप्त्याची तारीख पगारानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची ठेवावी, कारण एक हप्ता उशिरा गेला तरी सवलत रद्द करण्याची अट अनेक करारांत असते.