स्थिर आकारमानाचं गणित मांडण्याआधी

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी हे लिहितेय. फत्तेगंजला पेपरला जाल, त्याच्या आदल्या रात्री एवढं पक्कं करा.

आधी भांडं बघा. तोंड बंद, भिंती ताठ, म्हणजे आकारमान बांधलेलं. तिथे गिब्जची (ती स्थिर दाबासाठी) नव्हे, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांची मुक्त ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा, काढायची. ‘मुक्त ऊर्जा’ हा शब्दही त्यांचाच, १८८२चा. तापमान सुरुवातीला आणि शेवटी तेच असेल तर डेल्टा ए म्हणजे डेल्टा यू वजा टी डेल्टा एस. डेल्टा म्हणजे बदल, ए ही मुक्त ऊर्जा, यू आंतरिक ऊर्जा, टी तापमान, एस एंट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप. फिजिक्सवाले ए ऐवजी एफ लिहितात, बिचकू नका. तापमान केल्विनमध्ये, एंट्रॉपीचे ज्यूल १०००ने भागून किलोज्यूल. हे समासात लिहूनच पुढे सरका.

तक्त्यात मिळते ती एन्थाल्पी, म्हणजे स्थिर दाबाला अभिक्रियेची उष्णता. तिच्यातून वायूंच्या मोलमधला फरक (शेवटचे वजा सुरुवातीचे) गुणिले आरटी (आर हा वायू स्थिरांक) वजा करा, की डेल्टा यू हाती येतो. बाँब कॅलरीमीटरचा, म्हणजे बंद भांड्यात जाळून उष्णता मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा दिला असेल तर ही वजाबाकी नको, तो मुळातच डेल्टा यू असतो.

मी नेहमी कार्बन मोनॉक्साइड घेते. एक मोल तो, अर्धा मोल ऑक्सिजन, मिळून एक मोल कार्बन डायऑक्साइड, २९८.१५ केल्विन. एन्थाल्पी उणे २८३.०, वायू अर्ध्या मोलने घटतो, म्हणून डेल्टा यू उणे २८१.८ किलोज्यूल. प्रमाण एंट्रॉपींची वजाबाकी उणे ८६.५ ज्यूल प्रति केल्विन. इथे घाई करू नका, खरी मेख इथेच आहे. तक्त्यातली एंट्रॉपी प्रत्येक वायू १ बारला असतानाची. आपल्या भांड्यात कार्बन मोनॉक्साइड १ बारला असेल, तर त्याच जागेत ऑक्सिजन अर्ध्याच बारला असणार. शेवटी कार्बन डायऑक्साइड पुन्हा १ बारला, त्याला हात लावायचा नाही. आंशिक दाब, म्हणजे त्या वायूचा एकट्याचा दाब, कमी असला की एंट्रॉपी जास्त, म्हणून ऑक्सिजनच्या नावावर अर्धा गुणिले आर गुणिले २चा नैसर्गिक लॉग, म्हणजे २.९ ज्यूल जादा. परवा एकीच्या वहीत सगळं बरोबर होतं, फक्त तो ‘अर्धा’ सुटला होता. ऑक्सिजन सुरुवातीच्या बाजूचा, म्हणून हे जादा ज्यूल वजा होतात: डेल्टा एस होतो उणे ८९.४ ज्यूल प्रति केल्विन, आणि डेल्टा ए उणे २५५.१ किलोज्यूल. उणे आलं, म्हणजे अभिक्रिया आपणहून घडू शकते, आणि जास्तीत जास्त काम तेवढंच मिळेल.

आदर्श वायूच्या डेल्टा यूवर दाबाचा परिणाम नाही, तिथे दुरुस्ती शोधत बसू नका. आणि कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’चं बटण दाबा, ‘लॉग’चं नव्हे.