मोर्सची सक्ती नको, पण शिकायचं तर असं शिका

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्यासाठी मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी) सक्तीचं असावं का? आमचं उत्तर नाही. २००३ च्या जिनिव्हा परिषदेत ३० मेगाहर्ट्झखालच्या बँडसाठीची ही अट ज्या त्या देशावर सोपवली गेली. अमेरिकेने २००७ मध्ये ती काढून टाकली. परीक्षेपुरतं घोकलेलं मोर्स फार काळ टिकतही नाही.

तरीही ते शिकावंच. एसएसबीवर (आवाज पाठवायची रेडिओ पद्धत) आवाजाला साधारण २४०० हर्ट्झ जागा लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये सुमारे १२ डेसिबलचा, म्हणजे सोळापट फायदा. कोल्हापुरातल्या २०१९ च्या महापुरासारखी वेळ आली, वीज गेली, टॉवर बसले, तर स्कूटरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ५ वॅटचा सेट काही तास चालतो आणि ७ मेगाहर्ट्झवर पुण्या-मुंबईपर्यंत निरोप जाऊ शकतो. शहरातल्या शहरात, पंचगंगेकाठच्या बोटीशी बोलायला मात्र व्हीएचएफ हँडसेटच (जवळच्या पल्ल्याचा, हातात धरायचा) हवा. तिथे मोर्सचा हट्ट धरू नये.

मोर्सचा तक्ता भिंतीवर लावू नका. टिंब आणि रेघा डोळ्यांनी पाठ केल्या की प्रत्येक अक्षर कानातून डोळ्यात आणि तिथून कागदावर, असा फेरा घेतं. मग मिनिटाला ८-१० शब्दांवर गाडी अडते, पुढे सरकतच नाही. सुरुवातीपासूनच अक्षराचा वेग २० शब्दांचा ठेवा. त्या वेगात टिंब ६० मिलिसेकंदांचं, रेघ त्याच्या तिप्पट. फक्त अक्षरांमधली आणि शब्दांमधली जागा वाढवून एकूण वेग ६-८ वर आणा. पहिली दोनच अक्षरं घ्या: के (डा-डिट-डा) आणि एम (डा-डा). डा म्हणजे रेघ, डिट म्हणजे टिंब. १०० पैकी ९० बरोबर आली की तिसरं. रोज १५ मिनिटं, जमल्यास सकाळ-संध्याकाळ. रविवारी सलग दोन तास बसून ती भरपाई होत नाही. अक्षर हुकलं तर जागा सोडून पुढे चला, आठवत बसलात की पुढची तीन जातात. एस, एच आणि ५, तसंच व्ही आणि ४, यांची गल्लत सगळ्यांचीच होते. त्यांच्या जोड्या करून ऐका.

सरावाचा बझर ५५५ आयसीवर (टायमरची छोटी चिप) होतो. पिन ८ आणि ७ मध्ये ४.७ किलोओहम, ७ आणि ६ मध्ये १० किलोओहम, ६ आणि २ जोडून तिथून जमिनीला (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला) ०.१ मायक्रोफॅरड: सूर सुमारे ५८० हर्ट्झचा. पिन ८ ला ९ व्होल्ट, पिन १ जमिनीला. पिन ३ वरून १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरडमधून स्पीकर. की (मोर्स ठोकायची कळ) पिन ४ आणि ९ व्होल्टच्या मध्ये लावा, आणि पिन ४ वरून जमिनीला १ किलोओहम द्या. तो रेझिस्टर विसरलात तर पिन लोंबकळते आणि की सोडली तरी बझर वाजत राहतो.

की पितळेची हवी असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पार्ट्स करून मिळतील. खाली कडप्प्याचा जड तुकडा बसवा, नाहीतर की टेबलावर पळते. काँटॅक्टमधलं अंतर पोस्टकार्डाच्या जाडीएवढं ठेवा, कोपर टेबलावर टेका, मनगट मोकळं सोडा. बोटांनी ठोकत राहिलात तर थोड्याच वेळात हात भरून येतो आणि टिंबं लांबतात.

पाठवायला घाई करू नका, घेणं आधी पक्कं होऊ द्या. तुम्ही ज्या वेगाने पाठवाल त्याच वेगाने समोरून उत्तर येतं.