गॅस बंद केल्यानंतरचा तास: शिजवलेलं अन्न फ्रीझरमध्ये नीट कसं साठवावं

पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा मी एका रविवारी मोठं पातेलं भरून राजमा शिजवला, दोन लिटरच्या डब्यात गच्च भरला आणि वाफा निघत असतानाच फ्रीझरमध्ये ढकलला. बुधवारी संध्याकाळी डबा काढला तर आत वीट! ती सुटेपर्यंत रात्रीचे दहा वाजले आणि तोवर सगळ्यांनी बिस्किटांवर भूक भागवली होती. शेजारचं आइस्क्रीम त्या गरम डब्याने विरघळून पुन्हा गोठलं होतं, तेही बर्फाच्या कचकचीसकट. राजमा मात्र चांगला झाला होता. माझं जे चुकलं ते गॅस बंद केल्यानंतर.

म्हणून इथे पाककृती नाहीत. स्वयंपाक तुम्हाला येतोच. पातेलं उतरवल्यापासून फ्रीझरचं दार लागेपर्यंत काय करायचं, आणि तेच अन्न पुन्हा ताटात कसं आणायचं, एवढंच सांगते.

१. काय ठेवायचं ते आधी ठरवा

फ्रीझर अन्न सुधारत नाही. जे आत जातं ते किंचित उतरूनच बाहेर येतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बर्फाचे स्फटिक भाजीच्या पेशी फोडतात. काकडी, सॅलडची पानं, कच्चा टोमॅटो यांचा कुरकुरीतपणा त्यातच जातो. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी भुसभुशीत होतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा चिवट होतो. दही, मेयोनीज फाटतं, कॉर्नफ्लोअरने दाट केलेल्या सॉसला पाणी सुटतं. दही घालायचंच असेल तर ते गरम करण्याच्या दिवशी घाला.

रस्सा, सूप, शिजवलेली कडधान्यं, खिमा, टोमॅटोचा सॉस, ब्रेड हे सगळं छान टिकतं. ब्रेडची गंमत अशी की तो फ्रीझरपेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळा होतो, कारण त्यातला स्टार्च फ्रिजच्या तापमानालाच सगळ्यात वेगाने कडक होतो.

पहिल्याच झटक्यात महिन्याभराचा स्वयंपाक करायला जाऊ नका. सुट्टीचा अख्खा दिवस ओट्याशी उभं राहून पाठ मोडून घेतलेली माणसं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. आज जे करताय तेच दुप्पट करा, अर्धं जेवा आणि अर्धं गोठवा. माझ्या मते पूर्ण तयार पदार्थांपेक्षा अर्धी तयारी जास्त उपयोगी पडते: नुसते शिजवलेले हरभरे, नुसता परतलेला कांदा-टोमॅटो. त्यातून त्या दिवशी मनात येईल ते करता येतं, आणि ‘परत तेच?’ ऐकावं लागत नाही.

२. शिजवताना हात जरा आखडता

पास्ता, भाज्या पूर्ण शिजण्याच्या दोन मिनिटं आधीच उतरवा. उरलेलं काम गरम करताना होतं. मिरी, लवंग, लसूण यांची चव गोठल्यावर उग्र, कधी कडवट होते. मिठाची चव मात्र फिकी पडते. तेव्हा हे सगळं बेताने घाला आणि शेवटची चव वाढायच्या आधी जुळवा.

कच्च्या भाज्या ठेवायच्या असतील तर त्या उकळत्या पाण्यातून काढा: मटार दीड-दोन मिनिटं, फरसबी आणि फ्लॉवर तीन मिनिटं. मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. भाजीतले एंझाइम्स (तिच्यात बदल घडवणारी द्रव्यं) थंडीत मंदावतात, पण थांबत नाहीत. ही पायरी गाळली तर काही आठवड्यांत भाजीचा रंग उतरतो आणि चव गवतासारखी लागते.

३. गार करणं: खरी परीक्षा इथे

साधारण ४ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आणि फ्रीझर जिवाणूंना मारत नाही, फक्त झोपवतो. जे आत गेलं ते सुटल्यावर जागं होणारच.

भरलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं की वरून गार लागतं, पण मधोमध तासन् तास कोमट राहतं. त्यामुळे ‘रात्रभर निवू दे, सकाळी भरू’ ही सवय सगळ्यात वाईट. अन्न पसरट ताटांत किंवा ट्रेमध्ये ओता, थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. रस्सा असेल तर पातेलं सिंकमधल्या बर्फाच्या पाण्यात उभं करा आणि मधूनमधून ढवळत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत फरक दिसतो. वाफ पूर्ण गेली की आधी फ्रिज, थंडगार झालं की फ्रीझर. ‘गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे उकळत्या पातेल्याबद्दल खरं आहे. पसरून कोमट झालेला ट्रे ठेवायला काहीच हरकत नाही, तो रात्रभर बाहेर राहणं जास्त धोक्याचं.

भाताबाबत आणखी कडक राहा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते उकळीतही तग धरतात आणि कोमट भातात जागे होऊन विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात शिजला की लगेच ताटात मोकळा करायचा आणि तासाभरात थंडीत न्यायचा.

४. पातळ भरा

माझ्या विटेचं कारण जाडी होतं. जाडी दुप्पट केली की गोठायला आणि सुटायला लागणारा वेळ जवळपास चौपट होतो. आणि अन्न जितकं सावकाश गोठतं तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पदार्थ तितका पिचपिचीत होतो. १९१०च्या दशकात क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस आजच्या कॅनडातल्या लॅब्रॅडॉरला राहत होता. तिथल्या कडाक्याच्या थंडीत पकडल्या पकडल्या गोठलेले मासे नंतर ताज्यासारखे लागतात, हे त्याने पाहिलं. पुढे त्याने अन्नाची पाकिटं थंड धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून गोठवणारं यंत्र काढलं. घरी आपण त्याचा गरीब भाऊ वापरायचा: धातूचा ट्रे.

फ्रीझरला चालणाऱ्या झिपच्या पिशवीत एका जेवणापुरतं अन्न घाला, हाताने दाबून दोन-तीन सेंटिमीटरचा सपाट थर करा आणि पिशवी ट्रेवर आडवी ठेवा. गोठली की पुस्तकासारखी उभी लावता येते. हवा काढायची असेल तर झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या भांड्यात हळूहळू बुडवा, पाण्याच्या दाबाने हवा आपोआप बाहेर पडते. मग तोंड बंद करा. आत राहिलेल्या हवेमुळे वरच्या थरातला बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि करडे, कोरडे डाग पडतात. ते अन्न खाल्लं तर अपाय नाही, पण चव पुठ्ठ्याची.

काचेच्या बरण्या असतील तर फ्रीझरसाठीच्याच घ्या आणि वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. ९ टक्के फुगायला जागा नसेल तर काच तडकते.

टिक्क्या, फळांच्या फोडी असल्या वस्तू आधी ट्रेवर सुट्या गोठवा, मग एका पिशवीत भरा. नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो.

आणि सगळं एकाच दिवशी कोंबू नका. ३० लिटर जागेमागे दिवसाला साधारण एक किलो नवं अन्न, यापेक्षा जास्त घातलं तर गोठणं रेंगाळतं. फ्रीझर उणे १८ अंशांना आहे ना, हे पाहायला आत एक स्वस्तातला थर्मामीटर टाकून ठेवा.

५. नाव घाला

‘लक्षात राहील’ असं वाटतं, पण राहत नाही. मी एकदा टोमॅटोचा सॉस समजून पास्त्यावर स्ट्रॉबेरीचा गर ओतला आहे. पिशवी कोरडी असतानाच, म्हणजे भरण्याआधी, तिच्यावर लिहा: काय, किती जणांचं, कोणत्या तारखेचं, आणि काय घालायचं बाकी आहे (‘मीठ, लिंबू’). फ्रीझरच्या दारावर एक यादी लावा आणि पिशवी काढली की नाव खोडा.

उणे १८ला अन्न वर्षभरानेही धोक्याचं होत नाही, पण चवीसाठी दोन-तीन महिने धरून चाला. तेलकट, चरबीचे पदार्थ आधी संपवा, कारण खवटपणा थंडीतही हळूहळू चढतो.

६. सोडवून गरम करणं

उत्तम मार्ग म्हणजे आदल्या रात्री पिशवी खालच्या फ्रिजमध्ये उतरवणं. विसरलात तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला, पातळ पिशवी तासाभरात सुटते. तेवढाही धीर नसेल तर घोटभर पाणी घालून थेट कढईत मंद आचेवर, झाकण ठेवून. ओट्यावर मात्र सोडवू नका, बाहेरचा भाग तासन् तास त्या धोक्याच्या पट्ट्यात राहतो.

गरम करताना मधला भाग ७४ अंशांपर्यंत जायला हवा. रस्सा असेल तर सरळ खळखळून उकळी आणा. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच थांबवून ढवळा, तो कडेला चटके देतो आणि मध्ये थंड सोडतो. फ्रिजमध्येच सुटलेलं अन्न पुन्हा गोठवलं तरी चालतं, फक्त चव आणखी उतरते. गार पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सोडवलेलं मात्र लगेच शिजवा.

७. वीज गेली तर

दार उघडू नका. भरलेला फ्रीझर बंद दाराने सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. नंतर पिशवीत अजून बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही.

तुम्ही घरात नसताना वीज जाऊन आली हे कळण्यासाठी एक युक्ती आहे. पेल्यात पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि पेला फ्रीझरमध्येच राहू द्या. परतल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी बुडून वर पुन्हा बर्फ झाला असेल, तर मधल्या काळात सगळं पूर्ण सुटलं होतं. अशा वेळी वास घेत, चाखत बसू नका, पिशव्या टाकून द्या.